दहावा ब्रेक पहिल्यासारखा लागेल का?

गाडी पळवायला सगळेच पैसे घालतात, थांबवायला कोण घालतं? आणि घालायचेच झाले, तर नेमके कुठे? लाल कॅलिपरच्या मागचं हे गणित.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी मॉडिफाय केलेली गाडी आली की तिच्याभोवती गर्दी जमायला पाच मिनिटं पुरतात. मग प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. 'स्टेज वन मारलंय का?' 'एक्झॉस्ट कुठला?' 'शून्य ते शंभर किती सेकंदांत?' 'टॉप किती टच केलास?' बॉनेट उघडलं जातं, रील शूट होतं, गाडी एकदा रेव्ह करून दाखवली जाते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणाच्याच तोंडून निघत नाही. 'भावा, शंभरवरून शून्यावर यायला किती लागतं?'

ब्रेककडे आपलं लक्ष जातं ते फक्त रंगामुळे. अलॉय व्हीलच्या आडून डोकावणारा लाल कॅलिपर दिसला की गाडी लगेच 'स्पोर्टी' वाटते. त्यामुळे ऑनलाइन काहीशे रुपयांत लाल रंगाची कॅलिपर कव्हर्स मिळतात. वर झोकात एखाद्या इटालियन कंपनीचं नाव, आत तोच बिचारा कंपनी फिटेड सिंगल पिस्टनचा कॅलिपर. ही कव्हर्स थांबण्याच्या अंतरात एका इंचाचाही फरक पाडत नाहीत. उलट, ब्रेकला थंड व्हायला जी हवा लागते, तिच्याच वाटेत ती उभी राहतात.

पण सगळेच काही कव्हर लावून खूश होत नाहीत. खरोखरचे ब्रेक बदलणारेही आहेत. मोठी डिस्क, चार किंवा सहा पिस्टनचा कॅलिपर, वेगळे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज. या सगळ्या संचाला म्हणतात 'बिग ब्रेक किट'. परदेशात ट्रॅकवर जाणाऱ्या स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये हा प्रकार जुना आहे. आपल्याकडे पोर्शे, फेरारी दारात उभ्या असलेले थोडेच. पण पोलो जीटी, ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या गाड्यांवर जीव टाकणारे भरपूर. नामांकित आयात किट घ्यायची तर बिल सहज लाखाच्या पुढे जातं. म्हणून प्रश्न असा की एवढे पैसे घालून मिळतं काय?

ब्रेक म्हणजे चहाची शेगडी

अकरावीचं फिजिक्स आठवा. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. तीन जण बसलेली एक हॅचबॅक धरू, वजन साधारण १३०० किलो. वेग ताशी १०० किलोमीटर. आकडेमोड केली की उत्तर येतं सुमारे ५ लाख ज्यूल. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा कुठे जाते? ती नष्ट होत नाही, तिची उष्णता होते. आणि त्यातला सर्वात मोठा वाटा जातो ब्रेकच्या डिस्कमध्ये.

५ लाख ज्यूल म्हणजे किती? ३० अंशांवरचं दीड लिटरहून जास्त पाणी उकळायला लागेल तेवढी उष्णता. म्हणजे कट्ट्यावरच्या अख्ख्या ग्रुपच्या चहाचं आधण. घरच्या गॅसवर त्याला कित्येक मिनिटं लागतात. ब्रेकला हे काम तीन-चार सेकंदांत करायचं असतं.

आता गंमत त्या 'वर्गा'ची. वेग १०० वरून १२० वर नेला, म्हणजे फक्त २० टक्के वाढवला, तर ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटरचा काटा थोडासाच पुढे सरकतो, पण ब्रेकच्या अंगावर पडणारं काम जवळपास दीडपट होतं. 'स्टेज वन' करून ११० पीएसच्या गाडीतून १३० पीएस काढणारा मनुष्य नेमकं हेच करत असतो. सरळ रस्त्याच्या शेवटी तो आधीपेक्षा जास्त वेगात पोचतो. वळण मात्र जिथे होतं तिथेच असतं!

म्हणून इंजिनीअरच्या नजरेतून पाहिलं तर ब्रेक हे उष्णता साठवणारं आणि हवेत सोडून देणारं यंत्र आहे. डिस्क मोठी आणि जड असली की ती जास्त उष्णता पोटात घेते. मधून पोकळ, म्हणजे व्हेंटिलेटेड असली की ती लवकर निवते. पुढच्या पाच-पाच किलोच्या दोन डिस्कवर साधारण ७० टक्के भार येतो असं धरलं, तर शंभरवरून एकदा थांबल्यावर प्रत्येक डिस्कचं तापमान ७५ अंशांच्या आसपास वाढतं. एकदा थांबलात तर काही विशेष नाही. निवायला वेळ न देता लागोपाठ पाच-सहा वेळा थांबलात, तर डिस्क चारशे अंशांच्या घरात जाते.

गाडी थांबवतो तो टायर

आता थोडी पचायला जड गोष्ट. बिग ब्रेक किट लावल्यावर गाडी कमी अंतरात थांबते, असं बहुतेकांना वाटतं. पहिल्या ब्रेकच्या बाबतीत ते सहसा खरं नसतं.

ब्रेक थांबवतात ते चाक. गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा करार. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या चार तळहातांची जेवढी पकड, तेवढीच तुमची थांबण्याची ताकद. आज रस्त्यावरच्या बहुतेक कारचे धडधाकट ब्रेक कचकन दाबले तर एबीएस जागं होतं, पायाखाली पेडल थरथरतं. याचा अर्थ काय? तुमच्या स्टँडर्ड ब्रेकमध्येच चाक जाम करण्याएवढी ताकद आहे, कमी पडते ती टायरची पकड. त्यावर सहा पिस्टनचा कॅलिपर लावा नाहीतर साठ पिस्टनचा, टायर घासून गुळगुळीत झाला असेल तर एबीएस आधीसारखंच थरथरणार.

चांगल्या, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ताशी १०० वरून थांबायला साधारण ४० ते ४५ मीटर लागतात. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, तेवढं अंतर. रस्ता ओला असेल तर हेच अंतर दुपटीकडे झुकू लागतं. आणि हे सगळं पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं. समोरचं संकट दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. मोबाइलकडे नजर असेल तर विचारायलाच नको. जगातलं कुठलंच किट हे २८ मीटर परत देत नाही.

मग किट करतं तरी काय? पहिला ब्रेक जसा लागला तसाच दहावा लागेल, याची ती काळजी घेते. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारताना, किंवा लांबलचक घाट उतरताना, स्टँडर्ड ब्रेक जिथे दमतात तिथे मोठे ब्रेक दमत नाहीत. पाच-सात दणके खाऊनही पेडलची 'फील' तशीच राहते, किती दाबलं की किती थांबेल याचा अंदाज बदलत नाही. भरवसा हीच त्यांची खरी किंमत. आणि हा भरवसा तुम्हाला हवा आहे की नाही, हे तुम्ही गाडी कुठे आणि कशी चालवता त्यावर ठरतं.

ब्रेक दमतात म्हणजे काय होतं?

ब्रेक दमण्याला 'फेड' म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही पायाला वेगवेगळे कळतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही, पण जीव वाचवणारी माहिती आहे.

पहिला पॅडचा फेड. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड घसरते. अशा वेळी पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. भिंतीवर पाय दाबल्यासारखं वाटतं.

दुसरा ब्रेक ऑइलचा फेड, आणि हा जास्त फसवा. पेडलपासून कॅलिपरपर्यंत तुमच्या पायाचा जोर पोचवतं ते ब्रेक ऑइल. द्रव दाबला जात नाही म्हणून ही सगळी यंत्रणा चालते. पण कॅलिपर तापून ते ऑइल उकळलं, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ मस्त दाबली जाते! मग पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि पाय पार खालपर्यंत जातो.

यात एक मेख आहे. ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. नव्या 'डॉट ४' ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार तोच १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. 'डॉट ३'चे आकडे २०५ आणि १४०, तर 'डॉट ५.१'चे २६० आणि १८०. म्हणजे जुनं, पाणी प्यायलेलं 'डॉट ४' ऑइल हे ताज्या 'डॉट ३'पेक्षाही लवकर उकळतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात आणि मुंबईत बाराही महिने दमट हवा. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, असं सर्व्हिस शेड्यूलमध्ये असतं ते उगाच नाही. तरी इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे कितीतरी जण ब्रेक ऑइलला गाडी विकेपर्यंत हात लावत नाहीत.

आता हे सगळं एका घाटात बसवून पाहू. पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट. वीकेंडला पुण्या-मुंबईच्या निम्म्या कॉलेजांचे ग्रुप या रस्त्यावर असतात. या उतारावर गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येते. मघाचीच १३०० किलोची गाडी धरली, तर एवढं खाली येताना सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे ताशी १०० वरून १४ वेळा थांबण्याएवढी! यातली थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली कोण घेणार, ते ड्रायव्हर ठरवतो. गाडी न्यूट्रलला टाकली, तर जवळपास सगळी ब्रेकच्या माथी. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तर मोठा वाटा इंजिन उचलतं. 'ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा' हा एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांचा जुना नियम म्हणजे शुद्ध थर्मोडायनॅमिक्स आहे. आणि तो फुकट मिळतो.

किट घ्यायला गेला आणि...

भोसरीच्या एका परफॉर्मन्स वर्कशॉपमध्ये हे सगळं एका गाडीवर बघायला मिळालं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाची पांढरी पोलो जीटी टीएसआय. पोलो म्हणजे तशी इथलीच, चाकणला बनायची. २०२२ मध्ये उत्पादन थांबलं, पण पोरांमधली क्रेझ काही थांबलेली नाही. याने ती सेकंड हँड घेतलेली आणि रिमॅपही करून घेतलेला. महिन्याभरापूर्वी चार मित्रांना घेऊन पाचगणीहून उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल एकदम मऊ लागलं. हँडब्रेक आणि गिअरच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढचा अर्धा तास गाडीत कुणीच काही बोललं नाही, असं तो सांगत होता. त्यानंतर त्याने ठरवलं, आता बिग ब्रेक किटच. पैसे साठवलेले, थोडे वडिलांकडून घेतलेले.

वर्कशॉपच्या मालकांनी किटचा कॅटलॉग काढलाच नाही. आधी गाडी जॅकवर घेतली. ब्रेक ऑइलच्या टाकीत डोकावले तर मधासारखं पिवळसर दिसायला हवं ते ऑइल कडक कॉफीसारखं काळपट. चार वर्षांत ते बदलल्याची सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंदच नाही. पॅड बाजारातले स्वस्तातले, कडांना चकाकी आलेली. आणि टायर? टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे त्याची जन्मतारीख असते. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. '२३१८' असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचे चारही टायर सहा वर्षांहून जुने निघाले. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक, पण रबर पार कडक झालेलं.

थोडक्यात, घाटात दगा दिला तो ब्रेकच्या आकाराने नव्हे, तर जुन्या ऑइलने. आणि वर लाखाची किट बसवली असती, तरी कडक टायरवर ती गाडी पावसात तशीच घसरली असती.

किटच्या बाबतीत त्यांनी आणखी चार गोष्टी त्याच्यासमोर मांडल्या. पहिली, मोठी डिस्क बसायला मोठी रिम लागते, म्हणजे चार अलॉय आणि चार टायरचा खर्च वेगळा. दुसरी, पंक्चर झालं तर लहान रिमची स्टेपनी त्या मोठ्या कॅलिपरवर बसेलच असं नाही. रात्री अकराला घाटात हे कळून उपयोग नसतो. तिसरी, पेडलमागच्या मास्टर सिलिंडरची क्षमता ठरलेली असते. कॅलिपरचे पिस्टन अवाच्या सवा मोठे निवडले तर त्यांना जास्त ऑइल लागतं आणि पेडल आणखी खोल जातं. चौथी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. पोलोला मागे ड्रम ब्रेक आहेत. फक्त पुढच्या ब्रेकची ताकद बेसुमार वाढवली, तर पुढचे टायर लवकर हार मानतात आणि मागच्या चाकांच्या वाट्याला येणारं काम तसंच पडून राहतं. असं झालं, तर लाख रुपये खर्चून थांबण्याचं अंतर वाढूही शकतं! म्हणूनच चांगल्या कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी पिस्टनचे आकार हिशेबाने ठरवतात. 'युनिव्हर्सल फिट' नावाचा प्रकार ब्रेकमध्ये मुळीच घेऊ नये.

शेवटी त्या मुलाने किट घेतली नाही. चार नवे टायर, चांगल्या प्रतीचे पॅड, पूर्ण ऑइल काढून नवं 'डॉट ४' आणि होजची तपासणी. किटच्या रकमेतले बरेचसे पैसे शिल्लक राहिले.

पॅडमधली निवड

पॅड हा खरं तर सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल. पण इथेही 'रेस' हा शब्द वाचून भुलू नका. प्रत्येक पॅडला त्याचं स्वतःचं तापमान असतं. फॉर्म्युला वनच्या कार्बन ब्रेकचं उदाहरण घ्या. ते हजार अंशांपर्यंतची उष्णता झेलतात, पण थंड असताना नीट धरतच नाहीत. थोड्या प्रमाणात हेच ट्रॅकसाठीच्या पॅडचं. रेसमध्ये ते जबरदस्त, पण सकाळी सोसायटीतून बाहेर पडल्यावर पहिल्या सिग्नलला, थंड असताना, ते स्टँडर्ड पॅडपेक्षा कमी लागतात. शिवाय चिरकतात आणि डिस्क खातात. रोजच्या गाडीला 'फास्ट रोड' प्रकारचा पॅड पुरतो.

नवे पॅड लावल्यावर त्यांना 'बेडिंग-इन' लागतं. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावून वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. मग काही वेळ ब्रेक न वापरता गाडी चालवून त्यांना निवू द्यायचं. त्यामुळे पॅडच्या मटेरिअलचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. नेमकी पद्धत पॅडच्या बॉक्सवर दिलेली असते. बॉक्स फेकण्याआधी वाचा, इतकंच.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दलही असाच गैरसमज. ड्रिल्ड डिस्क दिसायला भारी आणि पावसात पाणी झटकायला बऱ्या, पण भोकांच्या कडेला उष्णतेने तडे जाऊ शकतात. म्हणून ट्रॅकवर जाणारे अनेकजण खाचा असलेल्या, म्हणजे स्लॉटेड किंवा साध्याच डिस्क पसंत करतात.

ब्रेकने जिंकलेली रेस

थांबणं म्हणजे कमीपणा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही गोष्ट. १९५३ सालची ल मानची २४ तासांची शर्यत. तिथल्या मुल्सान नावाच्या सरळ पट्ट्याची लांबी तेव्हा सुमारे सहा किलोमीटर होती. त्याच्या टोकाला घट्ट वळण. बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक होते. जॅग्वारने आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपबरोबर विकसित केलेले डिस्क ब्रेक लावले. त्यामुळे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारता येत होता, आणि तेही दिवस-रात्र, लॅपमागून लॅप. शर्यत त्यांनी जिंकली आणि ल मानमध्ये पहिल्यांदाच विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर गेला. ज्याला भरवशाने थांबता येतं तोच सर्वात वेगात जाऊ शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

त्या लाल कॅलिपरवरचं प्रसिद्ध नाव ब्रेम्बो. ही कंपनी १९६१ मध्ये इटलीत बर्गामोजवळ सुरू झाली आणि १९७५ मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवू लागली. तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाही आहे. केटीएम ड्यूकच्या चाकावर 'बायब्रे' असं लिहिलेलं पाहिलं असेल, ते 'बाय ब्रेम्बो'चंच छोटं रूप. म्हणजे कॉलेजला बाइकवर येणाऱ्या अनेकांच्या पुढच्या चाकात ती वंशावळ आधीपासूनच आहे.

आधी थांबून दाखवा

आपल्याच वयाची पोरं ब्रेककडे किती गांभीर्याने बघतात ते पाहायचं असेल, तर फॉर्म्युला स्टुडंटच्या टीमला भेटा. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या अनेक टीम वर्षभर रात्री जागून, स्पॉन्सर शोधून एक रेस कार बनवतात आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत'ला घेऊन जातात. तिथे वेगाच्या स्पर्धेत उतरण्याआधी ब्रेक टेस्ट असते. गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकाच वेळी जाम करून सरळ रेषेत थांबून दाखवायचं. तीन चाकं जाम झाली आणि चौथं फिरत राहिलं तर नापास. मग इंजिन कितीही भारी असो, ट्रॅकवर पाऊल ठेवता येत नाही.

नियमपुस्तिकाही कडक आहे. दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट हवीत, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं थांबवेल. ब्रेकच्या पेडलला २००० न्यूटनचा जोर सोसता आला पाहिजे. म्हणजे दोनशे किलोचा माणूस त्यावर उभा राहिल्यासारखं. आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तर मागचा एक स्विच गाडीची पॉवर थेट बंद करतो. क्रम बघा. आधी थांबण्याची परीक्षा, मग पळण्याची परवानगी. पार्किंगमध्ये आपण नेमका उलटा क्रम लावतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. झिजलेले पॅड, डिस्क, ऑइल बदलणं ही देखभाल झाली. पण संपूर्ण ब्रेक यंत्रणा बदलायची असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करा. न सांगता केलेल्या मॉडिफिकेशनवरून क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो, आणि तो वाद अपघातानंतरच सुरू होतो. नकली मालाचाही सुळसुळाट आहे. नामांकित ब्रँडचा कॅलिपर दहाव्या हिश्श्याच्या किमतीत मिळत असेल, तर तो 'डील' नाही, धोका आहे.

खिशात हात घालण्याआधी

* ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. आठवत नसेल, तर आज बदला. सिलिकॉनचं 'डॉट ५' आणि आपलं नेहमीचं ऑइल कधीही एकत्र करू नका.
* टायरचे शेवटचे चार आकडे वाचा. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील, तर टायरवर घाला.
* त्यानंतर पॅड. मग जुने रबरी होज. तुम्ही खरोखर ट्रॅक डेला जात असाल आणि एवढं करूनही ब्रेक दमत असतील, तरच बिग ब्रेक किट. तीही तुमच्याच मॉडेलसाठी बनलेली आणि जाणत्या हाताने बसवलेली.
* पेडल मऊ लागलं तर भराभर पंप करा, गिअर उतरवत जा, हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी कडेला घेऊन ब्रेक पूर्ण निवू द्या. निवल्यावर पेडल परत कडक झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. थेट गॅरेज गाठा.
* रिमॅप करायचाच असेल तर या यादीत त्याचा नंबर शेवटचा.

मागच्या सीटवर बसलेल्या मित्राला तुमच्या गाडीचे पीएस माहीत नसतात, कॅलिपरचा रंगही त्याला दिसत नाही. तो कानात इअरफोन घालून निवांत झोपलेला असतो, कारण तुम्ही गाडी थांबवाल हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पुढच्या वेळी पार्किंगमध्ये गर्दी जमली, तर शून्य ते शंभर विचारून झाल्यावर तो दुसरा प्रश्नही विचारून बघा. ज्याच्याकडे उत्तर असेल, त्याच्याच गाडीत बसा.